न्हाल्यापासून चौदा दिवस

बद्रीनाथच्या धाकट्या पोराचं जावळ काढलं ते साल शहाण्णवचं. माघात जावळ झालं, आणि सात वर्षं जी गोष्ट फक्त चुलीपाशी कुजबुजली जात होती ती त्या दिवशी बैठकीत उघड बोलली गेली.

झालं असं. न्हाव्याच्या हातातला वस्तरा पाहून पोरगं रडायला लागलं. धाकटी सून उषाबाई जवळच उभी होती, तिने त्याला उचललं. तशी पोराची आई, थोरली सून नंदाबाई, पाहुण्यांतून वाट काढत आली आणि पोर तिच्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या बाई," ती म्हणाली, "आजच्या दिवस तरी राहू द्या." उषाबाईचे हात तसेच पुढे राहिले. तिच्या लग्नाला आठवं वर्ष लागलं होतं आणि कूस उजवली नव्हती.

जेवणं उरकली. बद्रीनाथच्या बापाने, रखमाजीने, सुपारी कातरता कातरता धाकट्या लेकाचं, उषाबाईच्या नवऱ्याचं, सांगून टाकलं, "मच्छिंद्रचं दुसरं लगीन बघावं लागंल आता."

बघायचं काय, नंदाबाईने बघूनच ठेवलं होतं. तिचं माहेर अंतरवाली सराटीचं. तिथला तिचा चुलता कारभारी, त्याची पोरगी लग्नाची होती. कायद्यात हे बसत नव्हतं, पण देवळात चार माणसांत उरकून घ्यायचं आणि उषाबाईची सही स्टॅम्पाच्या कागदावर घ्यायची, की माझी हरकत नाही. होळीच्या आधीच्या शुक्रवारी कारभारी येणार असं ठरलं. रखमाजीने बायकोकडे पाहिलं आणि चतुराबाईने मान हलवली. आपल्या मानेने हे ठरलं, हे ती पुढे विसरली नाही.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, विद्यापीठाची माणसं आली.

त्यांचं पत्र आधीच आलं होतं. विषय छापला होता, 'निरोगी लैंगिकता आणि कौटुंबिक संबंध'. रखमाजीला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र बद्रीनाथने वाचून दाखवलं. आता बापासमोर तो शब्द कोणता पोरगा उच्चारील? बद्रीनाथने पहिले दोन शब्द गिळले आणि 'कौटुंबिक संबंध' तेवढं मोठ्याने वाचलं. रखमाजी खूश झाला. आष्टीच्या बाजारापर्यंत त्याच्या एकत्र घराचं नाव होतं. दोन भाऊ, एक चूल. "येऊ द्या की," तो म्हणाला. "कुटुंब कसं असतं ते बघून जाऊ द्या शिकलेल्या लोकायला." बद्रीनाथला वाटलं, येतील, चहा पितील, चार कागद भरून जातील. त्यांना कापसाची खोली दिली. कापूस विकला गेला होता, खोली झाडून रिकामी होती.

आलेली माणसं दोन. धर्मराज सर बापयांना रानात नाहीतर पारावर गाठायचे. बायांसाठी सगुणा मॅडम होत्या, जालन्यात मस्तगडला राहणाऱ्या, तिशीच्या, कोणाकडेही सरळ बघून बोलणाऱ्या. एकेका बाईला आत घ्यायच्या आणि दार लोटायच्या.

नंदाबाई पहिली गेली. अर्ध्या तासात तोंडाला पदर लावून बाहेर आली आणि थेट नवऱ्याकडे गेली. मग उषाबाई आत गेली. चतुराबाई दारासमोरच सूप घेऊन तूर पाखडत बसली. एक सूप झालं, दुसरं झालं, पायली संपत आली. दार उघडेना. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. मधेच एकदा रडण्याचा आवाज आला आणि नंतर बराच वेळ काहीच नाही.

दोन तासांनी उषाबाई बाहेर आली. डोळे लाल होते. पण ती सासूसमोर थांबली आणि तिने सासूकडे असं बघितलं की चतुराबाईच्या हातातलं सूप थांबलं. त्या नजरेत राग असता तर चतुराबाईला कळला असता. ही दया होती, आणि सुनेने सासूची दया करावी असं काय घडलं ते तिला कळेना.

"काय इचारलं गं?"

"काही न्हाई आत्याबाई."

"दोन तास काही न्हाई?"

"कोणाला सांगायचं न्हाई असं ठरलंय." आणि ती पाण्याची घागर घेऊन निघून गेली.

दिवेलागणीला घरात भडका उडाला. नंदाबाईने सांगितलेलं बद्रीनाथने बापाच्या कानावर घातलं, अर्थात आपण पत्रातले दोन शब्द गिळले होते ते सोडून.

"आबा, ही बाई नवरा-बायकोच्या आतलं इचारून राह्यली. कधी जवळ येता, मनात असतं का, दुखतं का. हे का सरकारी काम हाय? पारावर लोक हसून राह्यले आपल्याला."

रखमाजीची सुपारी हातातच राहिली. "उषाबाईला बोलाव."

उषाबाई येऊन दाराच्या चौकटीआड उभी राहिली.

"काय सांगितलंस तिला?"

तिने पदर पुढे ओढला.

"घरातलं सांगितलंस?"

"मामा, मी माझं सांगितलं," ती म्हणाली.

"बघा!" नंदाबाई मधेच बोलली. "माझं म्हणे. या घरात तुझं येगळं काय हाय? जायच्या येळंला घराची अब्रू कागदावर टाकून चाल्ली."

मच्छिंद्र खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. आठ वर्षांत तो बापासमोर बायकोसाठी एक शब्द बोलला नव्हता आणि त्या दिवशीही बोलला नाही.

"उद्या ती बाई आली की हिचा कागद काढून घे, बद्री," रखमाजी म्हणाला. "बिलकुल सोडू नको. आन ही सांगत न्हाई तर शुक्रवारी सही घेऊन हिला माहेरी घालव. ठेवून घेणार व्हतो कोपऱ्यात. आता न्हाई."

चतुराबाई उठली. "कागदात काय हाय ते तुम्हाला वाचता येतं का?" ती नवऱ्याला म्हणाली. "उद्या मी बसते आत. काय इचारतात ते मलाच कळंल. मंग काय करायचं ते करा."

रखमाजीला ते पटलं. चतुराबाई आपल्या बाजूने जाणार, असं सगळ्यांनी धरलं. तिनेही तसंच धरलं होतं.

त्या रात्री ती दर महिन्याच्या रिवाजासारखीच झोपली, म्हणजे उषाबाईला शेजारी घेऊन, तिच्या पदराची गाठ आपल्या पदराला मारून. सहा वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या सटवाईला तिनेच नवस बोलला होता. सून पाळीनंतर पाचव्या दिवशी न्हाली, की तिथून चौदा दिवस ती देवीची. नवऱ्याचा स्पर्श नाही. मच्छिंद्रने तेवढे दिवस जागलीला रानात झोपायचं. चतुराबाईच्या सासूनेही लेकींसाठी असंच केलं होतं म्हणे. जुन्या बाया सांगायच्या, मूल धरायचे दिवस पाळीच्या तोंडावरचे. देवीचे चौदा दिवस चोख पाळले की ती उरलेल्यांत पदरात टाकते. चतुराबाईने एक दिवसही चुकू दिला नव्हता. चुकू नये म्हणून तर ती गाठ.

बुधवारी सकाळी ती कापसाच्या खोलीत जाऊन बसली. ओच्यात तूर होती. रिकाम्या हाताने बसायची तिला सवय नव्हती, ती खडे वेचत राहिली.

"वय किती, आजी?"

"मला काय ठाऊक. रझाकाराच्या धामधुमीत मी शेळ्या राखत व्हते. तुमीच लावा."

सगुणा मॅडमने काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "यात नाव लिहीत नाही, फक्त नंबर. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर सोडून द्या म्हणायचं."

"इचारा. मी काय पळून चाल्ले?"

"लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याजवळ जायच्या आधी तुम्हाला कोणी काही सांगितलं होतं का?"

चतुराबाईने एक खडा बाजूला टाकला. "सांगितलं व्हतं ना. सासू म्हणली, वरडू नको, भायेर पाव्हणे झोपलेत."

मॅडमने ते तसंच लिहून घेतलं. "आणि नंतर, तुमच्या मनात आहे का नाही हे मालकांनी कधी विचारलं?"

"चुलीवरच्या भाकरीला कोणी इचारतं का, तुला खाऊ का म्हणून?"

ती आपल्याच बोलण्यावर हसली. मॅडमही हसल्या. मग दोघींचंही हसू एकदम थांबलं. चतुराबाईला नवल वाटलं, की पाच लेकरं झाली, दोन गेली, केस पिकले, आणि हा प्रश्न आज कोणी पहिल्यांदा विचारला. ती म्हणाली, "पुढचं इचारा जल्दी."

प्रश्न पुढे गेले. कोण कुठे झोपतं, घरात नवरा-बायकोला बोलायला जागा आहे का, भांडण झालं तर कोण मिटवतं. मग मॅडमने विचारलं, "बाईला दिवस जायचा संभव महिन्यात कधी जास्त असतो? पाळी चालू असताना, संपल्यावर लगेच, दोन पाळ्यांच्या मधोमध, का पाळीच्या तोंडावर?"

हा प्रश्न सोपा होता. चतुराबाई ताठ बसली. "पाळीच्या तोंडावर. म्हणून तर मी सुनेला न्हाल्यापासून चौदा दिवस देवीची ठेवलीय. सहा वर्षं झाली. एक दिवस चुकला न्हाई."

मॅडमने लिहिलं, पण मान वर केली नाही.

"बराबर हाय ना?"

"आजी, फॉर्म भरताना बरोबर-चूक सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे."

"आन फॉर्म भरून झाल्यावर?"

मॅडमने तिच्याकडे पाहिलं. उरलेले सात-आठ प्रश्न विचारले, कागद मिटला, पिशवीत घातला, पिशवीचा बंद ओढला. मग म्हणाल्या, "आता विचारा."

"बराबर हाय का न्हाई?"

"नाही."

चतुराबाईच्या ओच्यातली मूठभर तूर घेऊन मॅडमने सारवलेल्या जमिनीवर एका ओळीत अठ्ठावीस दाणे मांडले. "हा एक महिना. हे पहिले चार पाळीचे. पाचव्याला न्हाणं. आता तुम्ही देवीचे चौदा काढा."

चतुराबाईने पाचव्यापासून एकेक दाणा मोजून उचलला आणि मुठीत धरला.

"मूल राहायचे दिवस साधारण मधले असतात," मॅडम म्हणाल्या. "दहाव्यापासून सोळाव्यापर्यंत धरा. कोणाचे थोडे मागेपुढे."

जमिनीवर त्या जागी काहीच नव्हतं. चतुराबाईने मूठ उघडली. ते सगळे दाणे तिच्या हातात होते.

बाहेर कोंबडी ओरडत होती. "मंग देवीनं...?" तिने विचारलं आणि वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाली, "काल उषीला बी हे सांगितलंत तुमी."

"कोणाशी काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही. तुमचंही कोणाला सांगणार नाही."

सांगायची गरज नव्हती. काल दारात थांबून सुनेने का तसं बघितलं, ते चतुराबाईला आता कळलं. पोरीला सगळं ठाऊक झालं होतं. सासऱ्याने विचारलं, जावेने टोचलं, माहेरी घालवायची धमकी आली, तरी तिने तोंड उघडलं नाही. एक शब्द बोलली असती तर तिच्यावरचा डाग निघून सासूवर पडला असता.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. बद्रीनाथ होता, मागे नंदाबाई. "मॅडम, कागद काढा. आमच्या घरातल्या बायांचे कागद आम्हाला पाह्यजेत."

"ते देता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि पिशवी मांडीखाली घेतली.

"जालन्याचे शानपण हितं न्हाई चालायचं." तो वाकला.

चतुराबाई मधे उभी राहिली. "माझा बी कागद हाय त्यात. लाव हात."

"माय, तू सरक."

"बापासमोर वाचताना दोन शब्द खाल्लेस तू," ती म्हणाली. "धर्मराज सरांनी कालच मला पत्र वाचून दाखवलं. सांगू का आबाला जाऊन?"

बद्रीनाथचा हात मागे आला. नंदाबाई नवऱ्याकडे बघत राहिली, तिला काहीच कळेना. मॅडम पिशवी घेऊन बाहेर पडल्या आणि दुपारच्या गाडीने दोघंही गेले. रखमाजीने विचारलं, तेव्हा चतुराबाई एवढंच म्हणाली, "शुक्रवारी सांगते. पाव्हण्यांसमोर."

गुरुवार तिला फार मोठा गेला. सांगायचं तर बापयांच्या बैठकीत उभं राहून न्हाणं आणि पाळी तोंडाने बोलायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हे शब्द तिने नवऱ्यासमोरही काढले नव्हते. न सांगावं तर शुक्रवारी सही होणार. दोनदा तिने ठरवलं की गप्प बसू, देवीला काय कळायचं ते कळेल. दोन्ही वेळा मुठीतले दाणे आठवले.

शुक्रवारी कारभारी दोन माणसं घेऊन आला. बैठकीत सतरंजी अंथरली होती. नंदाबाईने चहात साखर सढळ टाकली. बद्रीनाथने स्टॅम्पाचा कागद पुढे केला आणि उषाबाईला हाक मारली. ती आली, खाली बसली, पेन हातात घेतला.

"थांब गं," चतुराबाई म्हणाली.

ती बैठकीच्या मधोमध येऊन उभी होती. या घरात पाहुण्यांच्या बैठकीत कोणी बाई अशी कधी उभी राहिली नव्हती.

"चतुरा, आत जा," रखमाजी म्हणाला.

"जाते. आधी सांगून जाते. कारभारी भाऊ, तुमची पोर मला लेकीसारखी. पण तिला फसवून आणू न्हाई. उषाबाईत खोट न्हाई. जालन्याच्या डाक्टरनं दोनदा सांगितलं, आम्ही ऐकलं न्हाई. खोट माझी हाय. सहा सालं झाली, ही न्हाली की चौदा दिवस मी हिला नवऱ्याजवळ जाऊ दिलं न्हाई. नवस माझा. पदराला गाठ मारून हिला मी झोपवली. लेकरू धरायचे दिवस तेच असतात म्हणे. ते सगळे मी खाल्ले."

कारभारीने बशी खाली ठेवली. रखमाजीचं तोंड काळंनिळं झालं.

"मंग त्याच्या आधीचे दोन साल?" नंदाबाई आतून म्हणाली. "तवा कुठं व्हता नवस?"

उत्तर कोपऱ्यातून आलं. मच्छिंद्र उभा राहिला होता.

"वैनी, तिची तपासणी दोनदा झाली. माझी एकदा बी न्हाई झाली. धर्मराज सरांनी रानात मला हेच इचारलं आन मला शरम वाटली. पह्यली माझी करा. माझ्यात निघालं तर दुसरी आणून तिचं बी वाटोळं कामून करता?"

"बस खाली!" रखमाजी ओरडला.

"न्हाई बसत, आबा."

"एक साल द्या," चतुराबाई म्हणाली. "पुढच्या वर्षीच्या पाडव्यापस्तोर. न्हाई झालं तर मी सोता अंतरवालीला येऊन तुमच्या पाया पडते, कारभारी भाऊ."

कारभारी शहाणा माणूस होता. त्याने टोपी सारखी केली. "रखमाजी, हे तुमच्या घरातलं हाय. आमी उगा मधी आलो," तो म्हणाला आणि उठला. नंदाबाई त्याच्या मागे फाटकापर्यंत गेली, पण तो वळला नाही.

बैठक रिकामी झाली. रखमाजीने बायकोकडे बघितलं. "साठ वर्षांची अब्रू चार माणसांत नागडी केलीस," तो म्हणाला. "आता माझ्यासाठी तू न्हाईस." त्याने खरंच त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. पाणी लागलं तरी नंदाबाईला हाक मारायचा.

उषाबाईच्या हातात अजून पेन होता. चतुराबाईने तो काढून घेतला, चुलीपाशी गेली आणि चार भाकरी, पिठलं, कांदा, मिरची असं दोघांपुरतं बांधलं.

"हे घेऊन रानात जा मच्छिंद्रसंगं."

"आत्याबाई, आज आठवा दिवस हाय," उषाबाई खालच्या आवाजात म्हणाली. "देवीचा."

"मोजता येतं मला. जा. देवीला काय सांगायचं ते मी सांगंन."

उषाबाई उंबऱ्यावर थांबली. "मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. तुमचं नाव..."

"ठाऊक हाय पोरी. भाकरी गार होऊन राह्यली, चल."

पुढे मच्छिंद्र मस्तगडच्या एका दवाखान्यात जाऊन तपासून आला. डॉक्टरने महिनाभर गोळ्या दिल्या, फार काही नाही म्हणाला. महिने मात्र जात राहिले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. प्रत्येक वेळी उषाबाई पाचव्या दिवशी न्हाली की नंदाबाई न्हाणीतल्या पाण्याचा आवाज ऐकून मोठ्याने खाकरायची, आणि चतुराबाई तूर नसली तरी हाताने काहीतरी वेचत बसायची. पारावर लोक तिला नवसखाऊ म्हणायचे. तिने ते ऐकलं आणि सोडून दिलं. सटवाईला ती दर मंगळवारी जायची, तिथे काय बोलायची ते कोणाला कळलं नाही.

सत्त्याण्णवच्या पाडव्याला गुढी उतरवताना उषाबाईने सासूच्या कानात सांगितलं, की नऊ दिवस वर गेले. चतुराबाईने साखरेची गाठी तोडून अर्धी तिच्या तोंडात घातली आणि अर्धी रखमाजीच्या ताटाजवळ ठेवली. त्याने ती खाल्ली. बोलला नाही.

चतुराबाई वारली ती त्याच वर्षी, आषाढी अमावस्येच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, चुलीपाशी बसल्या बसल्या. रखमाजी तिच्याशी दीड वर्षाने बोलला तो तिरडीपाशी, आणि तेही नुसतं तिचं नाव घेऊन. उषाबाईला तेव्हा पाचवा महिना सरत होता.